आधारवर्ष

अर्ज ऑनलाइन आहे.
शेवटची तारीख एकतीस मे, रात्री बारा.
आज अठ्ठावीस, आणि रेंज
फक्त पाण्याच्या टाकीच्या वरच्या पायऱ्यांवर येते,
म्हणून ग्रामपंचायतीचा लॅपटॉप मांडीवर घेऊन
दिवेलागणीपासून इथे बसले आहे.
लोखंडी पायरी अजून तापलेलीच.

योजनेचं नाव लांबलचक. सरपंच वनमालाबाई
तिला ‘धुराचे पैसे’ म्हणतात.
‘अन् आपला धूर तरी केवढा?’ ग्रामसेवक काकडे हसले.
तेच तर रकाना चौदा विचारतो :
सार्वजनिक इमारतींचं वार्षिक कार्बन उत्सर्जन, टनांत,
आधारवर्षं तीन, पुराव्यासह.

शाळा. बिल थकलं, मीटर काढून नेलं, दोन वर्षं झाली.
शून्य लिहिलं
तर लाल अक्षरं येतात : कृपया वैध संख्या भरा.
वीजच नसलेल्या शाळेत वीज वाचवता येत नाही,
हे कळतं मला. पण मार्चपासूनच
सहावीच्या वर्गातला फळा दुपारी हाताला चटका देतो.
तिथे आधी कवेलूचं छप्पर होतं.
तेही एका अनुदानानंच उतरवलं.
आता पर्याय आहे ‘छतास उष्णतारोधक आवरण’.
टिक केली.
कवेलू हा पर्याय नव्हता.

अंगणवाडी : एक पंखा, एक बल्ब.
ग्रामपंचायत : दोन ट्यूबलाइट, एक कूलर,
त्यात पाणी असलं तर.

राहिलं आरोग्य केंद्र.
तिथे जनरेटर आहे. रात्री तो घरघरला
की गावातल्या बाया अंथरुणात उठून बसतात :
कोनीतरी अडली वाट्टे.

डिझेलच्या पावत्या मागितल्या तर डोमाजी आत्राम,
शिपाई, रिटायर व्हायला आठ महिने, म्हणाला,
‘पावती कोन देते, माय? डबकीत आनतो मी.’
मग आतून वही आणली, मागच्या पानावर पाढे छापलेली.

१२ जून. रात ११.४० ते ३.१०. पावनेचार लिटर. कोटनाक्याच्या सुनेले पोरगी.
५ ऑगस्ट. रातभर. लसीचा फ्रीज. नऊ लिटर.
१९ सप्टेंबर. दोन लिटर. साप. वाचला.
२३ सप्टेंबर. सहा लिटर.

इथे पुढे काही लिहिलेलं नाही.
मी विचारलं. डोमाजीनं वही घेतली,
पान उलटलं, परत दिली.

तीन वर्षांत एक हजार एकशे सहा लिटर.
लिटरमागे दोन किलो सहाशे ऐंशी ग्रॅम, असं सूचनापत्रात आहे.
तीनदा गुणलं, तीननं भागलं.
वर्षाला एक टन व्हायला बारा किलो कमी.
आणि अट, पान सात : किमान एक टन.

‘दहा-पंधरा लिटर वाढव ना बाई,’ काकडे म्हणाले,
‘कोन पाह्यते?’
मी वही डोमाजीपुढे सरकवली.
त्यानं पेनाचं टोपण काढलं, बराच वेळ पानं चाळली.
‘वाढवतो,’ म्हणाला,
‘पन कोनच्या रातीत? नाव काय लिहू?’

खाली रस्त्यानं वणीकडचे ट्रक जातायत,
कोळशावर ताडपत्री पांघरलेली.
अकरा मोजले, मग सोडून दिलं.
त्यांचा धूर कुणाच्या रकान्यात भरतात,
सूचनापत्रात शोधलं. आमच्या नाही, एवढंच कळलं.

नऊ बावन्नला गावातली वीज गेली.
लॅपटॉपमध्ये बॅटरी एकोणीस टक्के.
थोडा वेळ नुसते बेडूक नसलेले तळ्याचे अंधार,
मग आरोग्य केंद्राकडून दोनदा खोकून
जनरेटर सुरू झाला.

हे डिझेल अर्जात धरता येणार नाही.
आधारवर्ष मार्चला संपलं.

डोमाजी आत्ता टॉर्च दातांत धरून वेळ लिहीत असेल.
लिटर नंतर लिहितो.
आणि त्यापुढची जागा
सकाळपर्यंत मोकळी ठेवतो.